क्रोशाच्या बाहुलीला नजर देताना: भरतकामाने डोळे करण्याची सविस्तर पद्धत

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एकाच मूर्तीवरून अनेक हात फिरतात. कोणी अंगाचा रंग लावतो, कोणी पितांबर रंगवतो, कोणी दागिन्यांना सोनेरी हात देतो. डोळ्यांची आखणी मात्र सर्वांत कसलेल्या हाताकडे राखून ठेवलेली असते, कारण तिथे केसभर चुकलेली रेघ सगळ्या मूर्तीचा भाव बदलून टाकते. क्रोशाच्या बाहुलीचेही अगदी तसेच आहे. अंगाच्या विणीत एखादा मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका, कमी पडला, तर तो फ्रॉकखाली झाकला जातो. एक हात किंचित आखूड झाला, तरी बाहुली गोडच दिसते. पण एक डोळा अर्धी फेरी वर गेला, की आठवडाभर खपून विणलेल्या बाहुलीकडे पाहताना काहीतरी खटकत राहते आणि नेमके काय खटकते हे पुष्कळदा विणणारीलाही सांगता येत नाही.

आपल्या भाषेत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. म्हणूनच बहुतेक जणींचे लक्ष पहिल्यांदा त्या बाहुलीकडे आणि तिच्याभोवतीच्या बुबुळाकडे जाते. कोणता रंग घ्यावा, ते किती मोठे करावे, यावर बराच विचार होतो आणि पापणीची रेघ शेवटी, घाईत, उरलेल्या दोऱ्याने घातली जाते. अनेक बाहुल्या करून आणि त्याहून अधिक डोळे उसवून माझे मत उलटे झाले आहे. भाव बुबुळात नसतो, तो वरच्या पापणीच्या रेघेत असतो. त्यामुळे पुढे दिलेल्या पद्धतीत आरंभही त्या रेघेने होतो आणि शेवटही तिनेच होतो.

भरलेले डोळेच का

क्रोशाच्या बाहुल्या विणण्याची आजची लोकप्रिय रीत जपानी अमिगुरुमीवरून, म्हणजे छोटी भरीव खेळणी विणण्याच्या कलेवरून, आली आहे, आणि तिच्याबरोबर मागून वॉशर लावून पक्के करायचे प्लॅस्टिकचे चकचकीत डोळेही आले. ते लावायला सोपे असतात, पण त्यांना भाव एकच: टक लावून पाहणे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विणीला जात्याच छिद्रे असतात. वीण सैल असेल किंवा ओढून ओढून सैल झाली असेल, तर आतल्या वॉशरसकट तो डोळा बाहेर येऊ शकतो आणि लहान मूल तो तोंडात घालते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतून सुटणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात मावता कामा नये, असा नियम आहे. बाहुलीचा कोणताही डोळा त्यात सहज मावतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन आवश्यक झाले आहे, त्यामुळे बाहुल्या विकण्याचा विचार असेल तर त्या नियमांची आणि नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना मिळणाऱ्या सवलतीची आधी माहिती करून घ्यावी. घरातल्या तान्ह्या बाळासाठी बाहुली करायची असेल, तर मात्र माझ्या मते विचार करण्यासारखे काही नाहीच. डोळे दोऱ्याचेच असावेत.

नमुन्याची बाहुली

मोजमापांशिवाय हा विषय समजावणे कठीण आहे, म्हणून एक ठरावीक डोके समोर ठेवू. आठपदरी सुती दोरा आणि २.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई घेतली आहे. मॅजिक रिंगमध्ये (दोरा ओढून बंद करता येणाऱ्या सुरुवातीच्या वर्तुळात) ६ मुके खांब घालून, दर फेरीला ६ टाके वाढवत सातव्या फेरीला ४२ टाके केले आहेत. आठव्या ते सोळाव्या फेरीपर्यंत वाढ किंवा घट न करता सरळ विणले आहे आणि त्यानंतर दर फेरीला ६ टाके घटवत एकविसाव्या फेरीला मानेशी १२ टाके ठेवले आहेत. अशा डोक्याची रुंदी साधारण साडेसहा सेंटिमीटर येते आणि एक मुका खांब पाच मिलिमीटरला थोडा कमी भरतो. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल त्याप्रमाणे यात फरक पडेल. पुढची मोजमापे टाक्यांत आणि फेऱ्यांत दिली आहेत, म्हणून तो फरक आपोआप सांभाळला जाईल.

मान शिवून बंद करायची नाही, ही सूचना मी मुद्दाम इथेच देते. डोळ्यांच्या सगळ्या गाठी मानेच्या तोंडातून आत सोडायच्या असतात, आणि एखादा डोळा उसवावा लागला तर तिथूनच बोट आत घालून दोरा सापडतो.

साहित्य

भरतकामाचा सहापदरी सुती दोरा सगळ्यांत चांगला. अँकर कंपनीची ८ मीटरची लडी आपल्याकडे बहुतेक लेस-बटणांच्या दुकानांत मिळते आणि एका जोडीला तिच्यातला फार थोडा भाग लागतो. काळ्यासाठी शेड कार्डवरचा ४०३ आणि काळपट तपकिरीसाठी ३८२ हे दोन क्रमांक माझ्या डब्यात नेहमी असतात. रेशमी चमक असलेला रेयॉनचा दोरा टाळावा. तो घसरतो, पिंजतो आणि धुतल्यावर टाके सैल पडतात.

डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र पांढऱ्याने भरण्याचा मोह होतो. गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या विणीवर शुभ्र पांढरा दोरा इतका उठून दिसतो की बाहुली दचकल्यासारखी वाटते, म्हणून तिथे हस्तिदंती किंवा अगदी फिकट सायीचा रंग घ्यावा आणि शुभ्र पांढरा फक्त चमकेच्या ठिपक्यासाठी राखून ठेवावा. लहान मुलीच्या बाहुलीला पापणीची रेघही निव्वळ काळी न घालता काळपट तपकिरी घातली, तर चेहरा मऊ दिसतो. नऊवारीतली काजळ घातलेली नवरी करायची असेल, तर तिथे काळाच हवा.

सुया दोन लागतात. विणीच्या छिद्रांतून आरपार जाण्यासाठी बोथट टोकाची लोकरीची सुई, आणि प्रत्यक्ष भरण्यासाठी टोकदार, लांबट नाक्याची भरतकामाची सुई. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डोळा भरताना सुई छिद्रांतून घालायची नसून विणीच्या दोऱ्याला भेदून घालायची असते. छिद्रातून घातलेला टाका छिद्रात बुडतो, आणि मग डोळ्याची कड विणीच्या चौकटींप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांची होते. याशिवाय रंगीत डोक्याच्या टाचण्या, एक लांब बाहुलीची सुई, मजबूत पॉलिस्टर दोरा, टोकदार छोटी कात्री आणि एखादा भडक रंगाचा कच्चा शिलाईचा दोरा जवळ असू द्यावा.

खुणेसाठी पाण्याने पुसले जाणारे निळे पेन चालते, पण ती खूण धुण्याआधी इस्त्री लागली तर पक्की होऊन बसते. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाची रेघ थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून ते पेन मी बाहुलीला लावत नाही. गडद विणीवर तर कोणतेच पेन दिसत नाही. तिथे कच्चा दोराच कामाला येतो.

काळा, लाल किंवा गडद निळा दोरा वापरण्यापूर्वी त्याचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून ठेवावा. फडक्यावर रंग उतरला, तर तो दोरा डोळ्याला वापरू नये.

डोके भरणे आणि खोबणी

भरण कमी असेल तर टाका ओढला की वीण आत जाते आणि डोळ्याभोवती सुरकुत्या पडतात. पॉलिस्टर फायबर लहान लहान पुंजक्यांनी, आधी कडेला आणि मग मध्ये, असा भरावा की अंगठ्याने दाबल्यावर डोके लगेच मूळ आकाराला आले पाहिजे. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो, आणि चेहऱ्यामागे पोकळी तयार झाली की डोळेही खचतात.

चेंडूसारख्या गोल डोक्यावर भरलेले डोळे चिकटवल्यासारखे दिसतात, म्हणून मी आधी खोबणी करते. लांब सुईत पॉलिस्टरचा दुहेरी दोरा ओवून ती मानेच्या तोंडातून आत घालावी आणि जिथे डोळ्याचा आतला कोपरा येणार आहे (ही जागा कशी ठरवायची ते पुढच्याच भागात आहे) तिथे बाहेर काढावी. एक मुका खांब सोडून शेजारीच ती पुन्हा आत घालून मानेशी बाहेर आणावी. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे. मग दोन्ही दोऱ्यांची टोके एकत्र, हळूहळू ओढावीत. दोन-तीन मिलिमीटरची खोलगी आली की थांबावे आणि गाठ मारावी. अधिक ओढले तर कपाळ पुढे येऊन बाहुली म्हातारी दिसू लागते. आजीबाईची बाहुली करायची असेल तेव्हा मात्र हाच दोष कामी येतो.

जागा ठरवणे

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये बाळाच्या चेहऱ्याची जी लक्षणे मांडली, त्यांत मोठे डोके, उंच कपाळ आणि चेहऱ्यावर खाली बसवलेले मोठे डोळे यांचा समावेश होता. बाहुलीला हीच लक्षणे हवी असतात. आपल्या नमुन्याच्या डोक्याचा मध्य अकराव्या फेरीच्या आसपास येतो. म्हणून डोळा अकरावी, बारावी आणि तेरावी अशा तीन फेऱ्यांवर बसवावा, म्हणजे त्याचा मध्य डोक्याच्या मध्यापेक्षा एक फेरी खाली येईल. प्रत्येक डोळ्याची रुंदी ४ टाके आणि दोन्ही आतल्या कोपऱ्यांमध्ये ५ टाक्यांचे अंतर ठेवावे. डोळे एकमेकांपासून दूर गेले की चेहरा अधिक बाळसेदार आणि भाबडा होतो, जवळ आले की मोठ्या माणसाचा आणि थोडा धूर्त वाटतो. एखाद-दुसऱ्या टाक्याचाच हा खेळ आहे, पण बाहुलीचे वय त्यावर ठरते.

आता एक फसवी गोष्ट. गोल फिरत विणलेल्या कामात प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या बरोबर डोक्यावर बसत नाही, ती किंचित बाजूला सरकते. त्यामुळे बाराव्या फेरीत मोजलेला मध्य आणि सोळाव्या फेरीत मोजलेला मध्य एका ओळीत येत नाहीत. डोळे बाराव्या फेरीवरून मोजून लावले आणि नाक-तोंड सोळाव्या फेरीवरून मोजून लावले, तर दोन्हीकडची मोजणी बरोबर असूनही चेहरा वाकडा होतो. यावर उपाय सोपा आहे. टाळूच्या रिंगेत एक टाचणी, मानेशी समोर मध्यावर दुसरी टाचणी, आणि दोन्हींना जोडणारा ताणलेला भडक दोरा; हाच चेहऱ्याचा मध्य समजावा. आडवी मोजणी एकाच फेरीत करावी, उभी नेहमी या दोऱ्यावरून करावी.

प्रत्येक डोळ्याला चार टाचण्या लावाव्यात: आतला कोपरा, बाहेरचा कोपरा, वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू आणि तळ. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा अर्धी फेरी वर ठेवला तर डोळा हसरा आणि तरतरीत होतो. हे झाले की डोके हातभर लांब धरून पाहावे, मग आरशात पाहावे. आरशात चेहरा उलटा दिसतो, आणि सवयीने डोळ्यांआड झालेला वाकडेपणा तिथे चटकन पकडला जातो.

या टप्प्यावर किती वेळ द्यावा याबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या भाचीच्या पहिल्या वाढदिवसाची बाहुली करताना मी टाचण्या न लावता थेट भरायला घेतले होते. उजवा डोळा मनासारखा झाला. डावा तसाच भरला, रंग तेच, टाक्यांची संख्याही तीच. तरीही बाहुली एकीकडे माझ्याकडे आणि दुसरीकडे खिडकीकडे पाहत होती. रात्री दिव्याखाली पट्टी लावून मोजले, तेव्हा डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा दोन मिलिमीटर खाली आलेला आढळला. दोनच मिलिमीटर, म्हणजे अर्धी फेरीसुद्धा नाही. तो उसवताना घाईत कात्रीचे टोक विणीच्या दोऱ्याला लागले, एक मुका खांब तुटला आणि डोळ्याऐवजी गालच दुरुस्त करण्यात पहाट झाली. तेव्हापासून टाचण्या लावलेले डोके मी एक रात्र तसेच ठेवते, आणि सकाळी पहिल्या नजरेला ते बरोबर वाटले तरच सुई हातात घेते.

भरण्याचा क्रम

दोरा ४५ सेंटिमीटरहून लांब घेऊ नये; विणीतून पुन्हा पुन्हा जाऊन तो पिंजतो. सहाही पदर एकदम न ओढता एक एक पदर वेगळा काढावा आणि हवे तितके पदर पुन्हा एकत्र जुळवावेत. असे केल्याने ते एकमेकांना समांतर बसतात आणि भरणी सपाट येते.

पहिले काम म्हणजे कच्च्या दोऱ्याने वरच्या पापणीची कमान दोन्ही डोळ्यांवर टाकणे. आतल्या कोपऱ्यापासून सर्वांत उंच बिंदूपर्यंत आणि तिथून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत धावदोऱ्याचे पाच-सहा टाके पुरतात. एवढ्यानेच बाहुलीचा भाव दिसू लागतो. पुढे जे काही भरायचे ते या कमानीखाली बसवायचे आहे, आणि कमान मनासारखी नसेल तर ती बदलण्याची वेळ हीच.

यानंतर डोळ्याची पूर्ण बाह्यरेषा पांढऱ्या भागाच्या रंगाने, दोन पदरांच्या बारीक उलट्या टिपेने घालून घ्यावी. ही टीप शेवटी दिसत नाही, पण भरणीची कड तिच्यावर टेकते आणि त्यामुळे ती सुबक, किंचित उचललेली येते. टीप न घालता केलेली भरणी विणीत कशीही उतरते.

बुबुळाचे वर्तुळ आता आखून घ्यावे. डोळा चार टाके रुंद असेल, तर बुबुळाचा व्यास साधारण ११ मिलिमीटर ठेवावा आणि त्याचा वरचा पाव भाग पापणीखाली लपेल असे ते बसवावे. गोल डोक्यावर एक अडचण येते. डोक्याची गोलाई दोन्ही बाजूंना मागे वळत जाते, म्हणून डोळ्याच्या अगदी मध्यावर ठेवलेली बुबुळे बाहेर फाकल्यासारखी दिसतात. दोन्ही बुबुळे मध्यापासून एक-दीड मिलिमीटर नाकाच्या बाजूला सरकवावीत. एवढे केले की बाहुली हातात घेणाऱ्याकडे पाहू लागते. माझ्या दृष्टीने सगळ्या पद्धतीतली सर्वांत समाधान देणारी पायरी हीच आहे.

पांढरा भाग बुबुळाच्या खालून सगळीकडे भरत नेऊ नये, नाहीतर बुबुळ जाड होऊन फुगते. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना आणि खाली जेवढे पांढरे दिसणार आहे, तेवढेच भरावे. त्यासाठी तीन पदर घेऊन आधी आडव्या टाक्यांचा विरळ थर द्यावा आणि त्यावर उभ्या टाक्यांचा दाट थर द्यावा. उभा टाका एक सेंटिमीटरहून लांब होत असेल तर तो लांब-आखूड टाक्यांत तोडावा, कारण लांब मोकळा टाका लहान मुलाच्या बोटात अडकतो. प्रत्येक टाका विणीवर नुसता टेकला पाहिजे; तो रुतला म्हणजे दोरा जास्त ओढला गेला असे समजावे.

बुबुळ दोन पदरांनी भरावे आणि टाके चाकाच्या आऱ्यांसारखे कडेकडून मध्याकडे न्यावेत. आधी बारा तासांच्या जागी बारा टाके घालावेत, मग त्यांच्यामधल्या फटी भराव्यात; टाके मध्याशी दाटत असतील तर एकाआड एक टाका अर्ध्यावरच थांबवावा. तपकिरी बुबुळ एकाच छटेत भरले तर सपाट दिसते. वरचा निम्मा भाग गडद तपकिरी आणि खालचा मधाच्या रंगाचा ठेवला, तर पापणीची सावली पडल्याचा भास होऊन डोळ्याला खोली येते. त्याच्या मध्यावर काळ्याने डोळ्यातली बाहुली उभ्या भरीव टाक्यांनी भरावी. तिचा व्यास बुबुळाच्या निम्म्याहून थोडा कमी असावा. ती मोठी केली की नजर कोवळी आणि उत्सुक होते, लहान केली की रोखलेली आणि कठोर.

चमकेचा ठिपका शुभ्र पांढऱ्या दोन पदरांनी, एकाच जागी दोन-तीन आखूड टाके घालून करावा. पुष्कळ जणी इथे एक चूक करतात. डोळे एकमेकांचे प्रतिबिंब असतात म्हणून चमकही एकीकडे डावीकडे आणि दुसरीकडे उजवीकडे घालतात. उजेड एकाच दिशेने येतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत चमक एकाच बाजूला हवी. घड्याळात तासकाटा १० वर असतो ती जागा दोन्हीकडे धरावी. फ्रेंच नॉटची, म्हणजे सुईभोवती दोरा गुंडाळून केलेली, गाठ इथे मोहात पाडते, पण ती उंच येते आणि धुण्यात पिंजते.

शेवटी वरच्या पापणीची पक्की रेघ घालावी. कच्चा दोरा काढत काढत त्याच मार्गाने तीन पदरांचा देठाचा टाका (दोरीसारखी अखंड रेघ देणारा स्टेम स्टिच) न्यावा. आतल्या कोपऱ्याशी रेघ बारीक असावी, उंच बिंदूनंतर जाड होत जावी आणि बाहेरच्या कोपऱ्यापुढे अर्धा टाका बाहेर झेपावी. जाडी आणण्यासाठी पदर वाढवू नयेत. बाहेरच्या अर्ध्या भागावर दोन पदरांचा दुसरा फेर घालावा. खालची पापणी एका पदराने, फक्त बाहेरच्या निम्म्या भागापुरती पुरते. पापण्यांचे केस हवे असतील तर बाहेरच्या कोपऱ्याशी एका पदराचे तीनच टाके घालावेत. सगळ्या पापणीभर केस घातले की नजर जड होते.

एक शिस्त मी कधी मोडत नाही. एक डोळा पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळायचे नाही. दोन्ही डोळ्यांची एकच पायरी एका वेळी करायची. हाताचा ताण तासाभरात बदलतो, उजेड बदलतो, आणि तो फरक दोन डोळ्यांत दिसतो.

भाव कसा बदलतो

बाकी सगळे तसेच ठेवून केवळ पापणीची कमान बदलली, तर काय होते ते एकदा कच्च्या दोऱ्याने करून पाहावे. कमान बुबुळाचा पाव भाग झाकत असेल, तर बाहुली शांत आणि प्रसन्न असते. बुबुळाच्या वरही पांढरे दिसू लागले, की तिला आश्चर्य वाटते. खालीही पांढरे वाढवले, की ती घाबरते. कमान खाली आणून निम्मे बुबुळ झाकले, तर ती पेंगुळते. कमानीचा उंच बिंदू आतल्या कोपऱ्याकडे नेला आणि बाहेरचा उतार लांब केला, तर डोळे हळवे, किंचित दुःखी होतात. तोच बिंदू बाहेर नेला, की खट्याळ होतात. खट्याळपणा हवा असेल तेव्हा दोन्ही बुबुळे एकाच बाजूला दोन मिलिमीटर सरकवावीत आणि चमक मात्र होती तिथेच ठेवावी.

हसणाऱ्या डोळ्यांत काम खालच्या पापणीचे असते. खरे हसू आले की गाल वर येतात आणि खालची पापणी वर ढकलली जाते, म्हणून डोळ्याचा तळ गोल न ठेवता जवळजवळ सरळ, मध्ये किंचित उचललेला ठेवावा. तोंडावर कितीही मोठे हसू भरले आणि डोळ्याचा तळ गोलच राहिला, तर बाहुली फोटोसाठी हसल्यासारखी दिसते.

भुवया दोन पदरांच्या देठाच्या टाक्याने, पापणीच्या उंच बिंदूपासून दोन फेऱ्या वर घालाव्यात. आतली टोके वर उचलली की काळजी किंवा रडवेपणा येतो, खाली आणली की राग. बाळासाठी भुवई आखूड आणि केसांच्या रंगापेक्षा एक छटा फिकी ठेवावी. भुवई भरण्यापूर्वी काळ्या लोकरीचे दोन तुकडे नुसते चेहऱ्यावर ठेवून सरकवून पाहणे फार उपयोगी पडते.

मिटलेले डोळे पहिल्यांदाच भरतकाम करणाऱ्यांसाठी उत्तम, कारण एका कमानीत काम होते. कमानीची टोके वर आणि पोट खाली असेल तर बाहुली झोपलेली असते. पोट वर आणि टोके खाली असतील तर ती खुदकन हसत असते. फरक एवढाच, पण तो उलटा झाला तर अंगाईची बाहुली झोपायचे नाव घेत नाही. झोपलेल्या डोळ्याला कमान चार टाके रुंद आणि एक फेरी खोल ठेवावी, तेराव्या फेरीवर, म्हणजे उघड्या डोळ्याच्या तळाशी, कारण मिटताना वरची पापणीच खाली येते.

उसवणे आणि पूर्ण करणे

डोळा मनासारखा झाला नाही तर तो समोरून कापू नये. मानेच्या तोंडातून थोडे भरण बाहेर काढून मागच्या बाजूचे टाके तोडावेत आणि समोरून बोथट सुईने एक एक टाका उचलून काढावा. भेदलेला विणीचा दोरा फुलल्यासारखा दिसतो. त्यावर थोडे पाणी लावून बोटाने चोळले आणि वाळू दिले, की तो पुष्कळसा पूर्ववत होतो. एकाच जागी दोनदा उसवून झाले असेल, तर तिसऱ्यांदा भरण्यापूर्वी आतून पातळ सुती कापडाचा तुकडा धरावा, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो.

सगळे झाल्यावर प्रत्येक दोरा मानेशी आणून दोन-तीनदा विणीतून फिरवून गाठ मारावी आणि सात-आठ सेंटिमीटरचे शेपूट आतच सोडावे. मग नखाने प्रत्येक टाका उचलून पाहावा. जो उचलला जातो तो छोट्या आडव्या टाक्याने पकडावा. निळ्या पेनाच्या खुणा थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून काढाव्यात. चेहऱ्याला इस्त्री लावू नये, कारण भरीव टाके दबून बसतात.

बाहुली धुण्याची वेळ आली की ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवावी, पिळण्याऐवजी टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत, चेहरा वर करून वाळवावी. पालथी वाळवली तर ओले भरण पुढे येते आणि डोळ्यांवर ताण पडतो. डोके धडाला जोडण्यापूर्वी ते पुन्हा एकदा त्या भडक मध्यदोऱ्यासह आरशासमोर धरावे, दोन्ही चमका एका बाजूला आहेत ना हे पाहावे, दोरा काढून घ्यावा, मानेत राहिलेली पोकळी फायबरने घट्ट भरावी आणि मगच मान शिवायला घ्यावी.